इंजिनाचा वारा

विश्राम मेस्त्रींनी पहिल्या भेटीतच माझ्या थोबाडीत मारली. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, बी.ए. झालेला, आणि डिचोलीहून मयेकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका ट्रक-वर्कशॉपमध्ये स्टोअरचा कारकून म्हणून त्याच दिवशी सकाळी रुजू झालो होतो. इब्रामपूरच्या घरून निघताना आईने इस्त्रीचा सदरा दिला होता. वर्कशॉप बघत फिरताना एका ट्रकच्या बॉनेटला हात लागला, हात काळे झाले. समोर उघड्या इंजिनाच्या कडेला सहा भोकं होती आणि प्रत्येक भोकात पांढऱ्या कापडाचा बोळा. मी एक बोळा ओढून काढला आणि हात पुसले.

पुढच्या क्षणी कान बधिर झाला. मी डबक्यात बसलो होतो आणि एक बुटका, रुंद छातीचा माणूस माझ्या डोक्यावर उभा होता. हाताला जागोजागी भाजल्याचे चट्टे. त्याने मला कॉलरला धरून उठवलं, इंजिनापाशी नेलं आणि बॅटरीचा उजेड त्या भोकात टाकला.

"ह्यो बोळो थंय कित्याक घातलेलो, ठाऊक आसा तुका?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी बोट दाखवलं. आत, चकचकीत व्हॉल्व्हच्या कडेला, मोहरीएवढा काळा कण पडला होता. बोळा ओढताना माझ्याच हाताने पडलेला. तो कण काढायला त्यांना अडीच तास लागले. तेवढा वेळ मी बॅटरी धरून उभा होतो. काम झाल्यावर ते म्हणाले, "मारलंय तां इसर. कण इसरू नको." आणि जेवायला गेले.

मेस्त्री मारकुटे होते. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. आज कोणी असं वागलं तर पोलिसात तक्रार जाईल आणि ते योग्यच होईल. मी असेपर्यंत त्यांनी एका ड्रायव्हरचा दात पाडला, एकाच्या पाठीत पाना फेकला आणि मालकाच्या मेव्हण्याला शर्ट फाटेपर्यंत बडवलं. मालक गप्प राहायचा, कारण खाणीवरचे ट्रक मेस्त्रींच्या हातून गेले की वर्षभर कुरकुरत नसत. बाकीच्यांना ते नकोसे होते, मलाही. सकाळी त्यांच्या चपलांचा आवाज आला की आमच्यातले बोलणारे बोलायचे थांबत.

त्यांचं सगळं मारणं एकाच गोष्टीवरून असे. बाकी कशानेही ते चिडत नसत. कोणी हत्यार हरवलं, कोणी दांडी मारली, तरी हूं की चूं नाही. पण इंजिनाच्या हवेच्या वाटेत कोणी हयगय केली की हात उठलाच म्हणून समजावं. त्या वाटेला ते 'वारो' म्हणत. "इंजिनाक डिझेल कमी पडलां तर तां बंद पडता," ते सांगायचे, "वारो घाण मेळालो तर तां पिसाळता." पिसाळता म्हणजे काय, हे आम्ही विचारलं नाही. बोलायची पद्धत असेल, असं समजलो.

खाणीच्या रस्त्यावर सगळीकडे तांबडी धूळ. ट्रकच्या एअर फिल्टरमध्ये धूळ धरायला तेलाची वाटी असते. ड्रायव्हर लोक ती खुणेच्या वर भरत, जास्त तेल म्हणजे जास्त सफाई अशा समजुतीने. ते तेल हवेबरोबर आत ओढलं जाई. इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफही त्याच वाटेने परत फिरे. मग धूळ, तेल आणि काजळी मिळून हवेच्या नळीत असा काही थर बसे की मनगट जाईल अशा तोंडात दोन बोटं जेमतेम शिरत. वरून काकवीसारखा चिकट, खाली कोळशासारखा कडक. मेस्त्री ती नळी, म्हणजे इंजिनात हवा नेणारा मॅनिफोल्ड, खोलून डिझेलच्या पिंपात रात्रभर बुडवत आणि सकाळी त्याच्यावर तुटून पडत. दुसरा शब्द नाही त्याला. मांडीत आवळून, दात खाऊन, बांबूच्या चिपांनी खरवडायचं. लोखंडाचं पातं आत घालायला बंदी, कारण चरा पडला की तिथेच पुन्हा मळ धरतो. कोपऱ्यात बांबू पोचला नाही तर सायकलची जुनी चेन आत ओवून दोन्हीकडून ओढायची. घाम नाकावरून गळत असे आणि तोंडातून त्या काजळीला आईबहिणीवरून शिव्या चालू असत. मग उन्हात वाळवणं. मग आतून पांढरं धोतर ओढून बघायचं. धोतरावर एक जरी काळा ठिपका उमटला तर सगळं पहिल्यापासून.

कायतान नावाचा एक ट्रकवाला होता, बार्देशातला, स्वतःचाच ट्रक स्वतःच चालवणारा. त्याने एकदा फिल्टरच्या वाटीत वापरलेलं काळं तेल काठोकाठ भरलं होतं. मेस्त्रींनी त्याला फॅनबेल्टने मारलं. पाठीवर, दंडावर, तो गाडीखाली शिरला तर पायांवर. चार माणसांनी मिळून सोडवला. आता हा परत येणार नाही असं आम्ही धरून चाललो. पंधरवड्याने कायतान आला, पायाला अजून पट्टी, आणि मेस्त्रींसमोर फिल्टरची वाटी उघडून धरली. तेल बरोबर खुणेवर. मेस्त्रींनी त्याला आपल्या डब्यातली मासळी दिली. त्या दोघांची दोस्ती ही अशी सुरू झाली. मला ती कधी समजली नाही.

ते भाषेच्या आंदोलनाचे दिवस होते. राजभाषा कोंकणी की मराठी, या एका प्रश्नावर गोव्यात घराघरांत भांडणं लागली होती. कायतान कोंकणीवाला. ट्रकच्या काचेवर त्याने तसा कागद चिकटवला होता. मेस्त्री दोडामार्गाकडचे, मराठीवाले. मी तर मराठीवाल्यांच्या सभेला जाणारा, पत्रकं वाटणारा, घोषणा देऊन घसा बसवून घेणारा. दुपारच्या सुट्टीत मेस्त्री आणि कायतान तावातावाने भांडत. एकदा मेस्त्रींनी त्याला लांबलचक शिवी दिली तेव्हा कायतान शांतपणे म्हणाला, "मेस्त, तूं मराठी मागता, पूण गाळी कोंकणींतच दिता." मेस्त्री क्षणभर थांबले आणि मग मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. मी हसलो नाही. मला तो मराठीचा अपमान वाटला होता.

मग वातावरण तापलं. रस्त्यांवर झाडं आडवी पडली, बसच्या काचा फुटल्या, लोकांची डोकी फुटली. रोज एखादी बातमी यायची आणि त्या बातमीवरून दुसरीकडे नवी बातमी तयार व्हायची. त्यातच कायतानचा ट्रक आमच्याकडे कामाला होता. तो स्वतः घरी अडकला होता. ट्रकचा मॅनिफोल्ड खोलून पिंपात बुडवलेला होता.

त्या सकाळी मालकाने निरोप पाठवला, दुपारी वर्कशॉप बंद करा. मेस्त्रींचा मॅनिफोल्ड खरवडून झाला होता, वाळवायचा बाकी होता. एरवी त्यांनी तो उन्हात टांगला असता. पण त्या दिवशी कोण कधी आत शिरेल याचा नेम नव्हता. बोळे ओढून कोणी भोकांत मूठभर वाळू टाकली तर इंजिन कायमचं जाणार. म्हणून त्यांनी तो तसाच, आत डिझेल निथळत असताना, इंजिनावर चढवला, बोल्ट आवळले आणि नळीच्या तोंडावर वर्तमानपत्राचा कागद सुतळीने बांधला. त्यांना अक्षर लिहिता येत नसे. मला बोलावून त्यांनी सांगितलं, काचेवर खडूने लिही. मी लिहिलं, 'चालू करू नये.' ठळक अक्षरांत, मराठीत.

त्यानंतर बाकीची माणसं घरी गेली आणि मी चहाला बाहेर पडलो. नाक्यावरच्या चहाच्या दुकानासमोर आमचे लोक उभे होते, दहाबारा जण, हातात दांडे. त्यांचा पुढारी दिगंबर माझ्याच वर्गातला. त्याने विचारलं, तो कायतानचा ट्रक कुठे असतो. मी म्हणालो, "आमच्याकडे आहे, आत." मला कोणी धमकावलं नव्हतं. उलट दिगंबरने पाठीवर थाप मारली तेव्हा मला बरं वाटलं.

ते माझ्या मागोमागच आत आले. आधी काचा फोडल्या. हेडलाइट, आरसे, मग पुढची काच. मी लिहिलेली अक्षरं तुकड्या-तुकड्यांनी खाली आली. मेस्त्री मागच्या नळावर हात धूत होते. ते धावत आले तेव्हा दोघांनी त्यांना भिंतीला दाबून धरलं आणि तिसऱ्याने पोटात दांडा मारला. ट्रक आत जाळला तर शेड पेटेल, म्हणून तो रस्त्यावर नेऊन जाळायचं ठरलं. दिगंबर केबिनमध्ये चढला.

मेस्त्री ओरडले, "चालू करू नको, तो पिसाळतलो." श्वास कोंडल्यामुळे त्यांचा आवाज फुटत नव्हता. माझा आवाज चांगला होता. सगळा गट मला ओळखत होता. मी एक वाक्य बोललो असतो तर दिगंबर थांबला असता. मी बोललो नाही. मला वाटलं, आमचे लोक मला कायतानच्या बाजूचा समजतील.

इंजिन चालू झालं. पहिली दोन सेकंदं नेहमीसारखं. मग त्याने तोंडावरचा कागद गिळला आणि त्याचा आवाज चढायला लागला. चढतच राहिला. ॲक्सिलरेटरवर कोणाचा पाय नव्हता. दिगंबरने किल्ली फिरवली, इंजिन बंद करायची दांडी ओढली, काही उपयोग नाही. ते पंपातलं डिझेल पीतच नव्हतं. नळीत साचलेलं डिझेल आणि सुटलेली काजळी हवेबरोबर ओढून त्यावरच ते पळत होतं. पांढरा धूर, मग काळा. आवाज असा की दातांत कळ गेली. अख्खा ट्रक जागच्या जागी थरथरत होता आणि शेडचे पत्रे खडखडत होते.

दांडे टाकून सगळे पळाले. मीही पळालो. रस्ता ओलांडून गटारापलीकडच्या काजूच्या झाडाआड गेलो, तिथून मागे वळून पाहिलं. दिगंबर केबिनमध्येच होता, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून, तोंड उघडं. उतरायचं असतं हे तो विसरला होता. आणि मेस्त्री एकटे इंजिनाकडे जात होते.

त्यांनी एक गोणपाट उचललं, चौघडी केली आणि नळीच्या तोंडावर दाबलं. गोणपाट आत खेचलं जायला लागलं. त्यांनी त्यावर डावा तळहात ठेवला, छाती टेकवली आणि सगळं वजन टाकलं. तोल सावरायला उजवा हात पुढे गेला तो इंजिनाच्या पंख्यात. मला ते दिसलं. पंख्यातून काहीतरी लाल उडालं आणि बॉनेटच्या आतल्या बाजूवर पसरलं. मेस्त्री हलले नाहीत. इंजिन घुसमटलं, खोकलं, एक मोठा हिसका देऊन थांबलं.

शांतता एवढी झाली की झाडावरची पानं ऐकू आली. मी परत आलो तेव्हा मेस्त्रींनी दिगंबरला केबिनमधून उतरवलं होतं. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती, तिसरं लोंबत होतं. आता ते याला मारून टाकणार, असं मला वाटलं. डावा हात त्यांनी उचलला आणि दिगंबरच्या तोंडावरून, मानेवरून फिरवला, काच लागली आहे का बघत. "तुका लागला नाय मा?" त्यांनी विचारलं. दिगंबर खाली बसला आणि रडायला लागला.

पिकअपमध्ये घालून आम्ही त्यांना म्हापशाला नेलं. वाटेत पहिलं आडवं झाड मराठीवाल्यांचं होतं, दुसरं कोंकणीवाल्यांचं. दोन्हीकडे आम्हाला विचारलं, तुम्ही कोणाचे. दोन्हीकडे मेस्त्रींनी मागून, रक्ताळलेला हात टॉवेलात धरून, त्याच त्या शिव्या दिल्या. दोन्हीकडच्या लोकांना त्या समजल्या. झाड बाजूला झालं.

इस्पितळात चौथ्या दिवशी ते मला एकटे सापडले. मी सांगून टाकलं. ट्रक कुठे आहे हे मीच सांगितलं, आणि चालू करू नये हे माहीत असून तोंड उघडलं नाही. ते खिडकीकडे बघत होते. म्हणाले, "ठाऊक आसा माका. मी तुझ्या तोंडाकडेच बघी होतंय."

मला वाटलं, संपलं. मी उठलो. त्यांनी डाव्या हाताने बसायची खूण केली आणि बोलायला लागले. तुकड्या-तुकड्यांनी बोलले ते मी इथे सलग सांगतो.

तरुणपणी ते आणि त्यांचा धाकटा भाऊ लक्ष्मण एका खडीच्या खाणीवर मेकॅनिक होते. दगड फोडायच्या यंत्राचं डिझेल इंजिन त्यांनी खोलून पुन्हा जोडलं. मॅनिफोल्ड साफ करायचा राहिला. लक्ष्मण म्हणाला, करूया. हे म्हणाले, उद्या बघू, आज चालू करून मोकळं होऊ. इंजिन चालू केलं आणि ते पिसाळलं. वर्षानुवर्षांचं साचलेलं तेल ते प्यायला लागलं. लक्ष्मणने डिझेलची नळी उपटून फेकली, तरी थांबेना. विश्राम पळाले. लक्ष्मण एक फळी घेऊन हवेचं तोंड झाकायला गेला. तो पोचायच्या आत इंजिनाची कूस फुटली. आतला लोखंडी दांडा बाहेर आला तो त्याच्या पोटातून गेला. विश्राम तेव्हा दगडांच्या ढिगाआड होते. तिथून त्यांनी ते पाहिलं.

"मियांय पळालंय," ते मला म्हणाले. "लक्षुमण पळाक नाय. त्या दिसापासून माझे हात गप रवनत नाय."

  त्यांनी मला पाणी मागितलं आणि मी दिलं. त्यानंतर हा विषय आमच्यात कधी निघाला नाही.

पुढे कोंकणीला राजभाषा करणारा कायदा झाला, मग गोवा राज्य झालं. मिठाई वाटली गेली, मीही खाल्ली. पत्रकं वाटणं मी सोडलं होतं. कायतानने ट्रक दुरुस्त करून घेतला. नव्या काचेवर त्याने कागद चिकटवला नाही. मेस्त्री परत कामावर आले, पण उजव्या हातात पाना राहत नव्हता. ते बाकड्यावर बसून सांगायचे, दुसरे करायचे. कोणी चुकलं की आम्ही सगळे सवयीने अंग चोरायचो. मार यायचा नाही. ते उठून जवळ जात आणि पुन्हा सांगत. एका माणसाला तेच तेच चार वेळा सांगताना मी त्यांना पाहिलं आहे. वर्षभराने ते दोडामार्गाकडच्या आपल्या गावी निघून गेले. निरोप वगैरे काही झाला नाही. एका सोमवारी आले नाहीत, एवढंच.

सात-आठ वर्षांनी ते गेल्याचं कायतानकडून कळलं. झोपेत गेले. बाराव्याला मी आणि कायतान त्याच्याच ट्रकमधून गेलो. घर साधं, शेणाने सारवलेली ओसरी. माणसं पांगल्यावर मेस्त्रींच्या पत्नी, सुनंदावहिनी, आमच्यासमोर येऊन बसल्या. भिंतीवर दोन फोटो होते. एक मेस्त्रींचा, नवा. दुसरा एका हसऱ्या पोरगेल्या माणसाचा, जुना, कडा कुरतडलेला.

वहिनी जुन्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाल्या, मी लग्न होऊन आले तेव्हा हे दीर गेलेले होते. अपघात झाला एवढंच मला माहीत. त्यांचं नाव घरात कोणी काढलं की आमचे हे जेवणावरून उठून जायचे. फोटो ट्रंकेच्या तळाशी कापडात बांधलेला असायचा. बोटं गेल्यावर इस्पितळातून घरी आले, आणि चहाही न घेता पहिल्यांदा ट्रंक उघडली. डाव्या हाताने खिळा ठोकायचा प्रयत्न करत होते. मी ठोकून दिला.

मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"थंय इस्पितळात तुमच्याकडे कायतरी बोललेले ते," त्या म्हणाल्या. "माका कधी सांगूक नाय. तुमी सांगा."

कायतानने माझ्याकडे पाहिलं. ट्रकचा पत्ता त्या लोकांना कोणी दिला होता, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं तो मला मित्र मानत होता. लक्ष्मणची गोष्ट नुसती लक्ष्मणची म्हणून सांगता येईल का, याचा मी विचार केला. आली नसती. मेस्त्रींनी ती मला का सांगितली, हे कळल्याशिवाय ती वहिनींना कळली नसती.

मी सांगायला लागलो. सुरुवात नाक्यावरच्या चहाच्या दुकानापासून केली.